भाकरी, साबुदाणा आणि रसवंती: कर्बोदकं पोटात गेल्यावर काय होतं

रिपोर्टमध्ये शुगर निघाली की मराठवाड्यातल्या घरात पहिलं फर्मान सुटतं: भात बंद, भाकरी सुरू. त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच ज्वारीत सुमारे 68 आणि कणकेत 64च्या आसपास. वाटीभर भाताच्या जागी तीन भाकरी ताटात आल्या तर कर्बोदकं कमी होणं दूरच, चांगली तिप्पट होतात. ज्वारीचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. तो समजायचा तर कर्बोदक ही एक वस्तू नसून एक मोठं खानदान आहे, हे आधी पाहावं लागतं.

या खानदानातला सगळ्यात महत्त्वाचा सदस्य ग्लुकोज. त्याला माळेतला एक मणी समजा. सुटा मणी पचवावा लागत नाही, तो आतड्यातून थेट रक्तात जातो. सुट्या मण्यांचे आणखी दोन प्रकार आहारात येतात: फळांत आणि मधात असणारं फ्रुक्टोज, आणि दुधातून मिळणारं गॅलॅक्टोज. दोन मणी जोडले की झाली जोडसाखर. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. दुधातली लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची. मोड आलेल्या धान्यात माल्टोज सापडते, ती दोन ग्लुकोजची जोडी. ज्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात, त्यांच्या आतड्यात लॅक्टोज फोडणारं विकर (एन्झाइम) कमी पडत असतं. त्यांना दही-ताक बहुतेक वेळा चालतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेली असते.

शेकडो-हजारो ग्लुकोज मण्यांची लांब माळ म्हणजे स्टार्च, ज्याला पाठ्यपुस्तकं पिष्ट म्हणतात. ज्वारी, गहू, तांदूळ, बटाटा, साबुदाणा, सगळ्यांत तेच. आणि ज्वारीच्या कडब्यात जे सेल्युलोज असतं तेही ग्लुकोजचीच माळ असतं. कणीस माणसाच्या वाट्याला आणि कडबा बैलाच्या वाट्याला येतो, याचं कारण मणी जोडणाऱ्या गाठींत आहे. स्टार्चमधली गाठ आपली विकरं सोडवू शकतात, सेल्युलोजमधली नाही. बैलालाही ती स्वतःहून सुटत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करून देतात.

हुरडा गोड का लागतो, याचं उत्तरही इथंच आहे. दाणा दुधाळ असताना पानांतून आलेली साखर अजून सुटी असते. दाणा भरत जातो तशी ती स्टार्चमध्ये ओवली जाते आणि गोडी जाते. आगटीवर भाजलेलं कणीस आठवडाभर उशिरा काढलेलं असलं तर ते चावूनच कळतं. केळीत याच्या उलट घडतं. अर्धापूरच्या बागेतून हिरवा घड निघतो तेव्हा गरात स्टार्च भरलेला असतो. पिकताना तो साखरेत मोडतो. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी आणि काळे ठिपके पडलेलं केळं, दोन्ही एकाच झाडाची असली तरी रक्तात सारखी वागत नाहीत.

भाकरीच्या पिठात काय घडतं

ज्वारीत ग्लुटेन नाही. गव्हाच्या कणकेसारखा ताण तिच्या पिठाला नसतो, म्हणून भाकरी करताना पिठात आळं करून उकळतं पाणी घालतात. सत्तर अंशांच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. हाच चिकटपणा पीठ धरून ठेवतो. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडेला चिरा पडतातच. तव्यावर उरलेला बराचसा स्टार्चही फुगतो आणि आतल्या वाफेनं पापुद्रा सुटतो. शिजलेला, फुगलेला स्टार्च विकरांना सहज सापडतो. कच्चं पीठ पचायला जड आणि भाकरी हलकी, ती यामुळे.

स्टार्चच्या माळा दोन तऱ्हेच्या असतात. अमायलोज सरळ असते. अमायलोपेक्टिनला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. फांद्या जास्त म्हणजे मोकळी टोकं जास्त, आणि विकरं टोकांवर एकाच वेळी तुटून पडतात. चिकट होणारा भात रक्तातली साखर भराभर चढवतो आणि मोकळा होणारा, जास्त अमायलोजचा तांदूळ थोडा सावकाश, यामागे हेच आहे.

भाकरी गार झाली की कडक का होते? फुगलेल्या माळा पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. त्यातला काही भाग इतका घट्ट बसतो की लहान आतड्यात तो फुटतच नाही, सरळ मोठ्या आतड्यात जातो आणि तंतूसारखा, म्हणजे न पचणाऱ्या चोथ्यासारखा, वागतो. शिळ्या भाकरीचा दह्यातला काला किंवा गार भात या अर्थानं थोडा बरा. पण फरक लहान असतो; त्याच्या भरवशावर एक भाकरी जास्त खाल्ली तर हिशोब उलटा होतो. शिवाय परभणीच्या एप्रिलमध्ये रात्रभर ओट्यावर राहिलेला भात ही वेगळीच भानगड आहे. त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्यानं तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात उरवायचाच असेल तर तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवा.

ज्वारीचा खरा फायदा तिच्या प्रथिनात आणि कोंड्यात आहे. काफिरिन नावाचं प्रथिन स्टार्चच्या कणांभोवती जाळ्यासारखं असतं आणि शिजताना ते जाळं आणखी आवळलं जातं, त्यामुळे विकरांना आत शिरायला वेळ लागतो. ज्वारीत 100 ग्रॅममागे सुमारे 10 ग्रॅम तंतू आहेत. पॉलिश केलेल्या तांदळात 3 पण नाहीत. मात्र हा फायदा टिकवणं आपल्या हातात आहे. गिरणीवाल्याला 'एकदम बारीक' सांगितलं आणि घरी आणून चाळणीतून कोंडा काढला, की निम्मी मजा गेली. पीठ जितकं बारीक तितकं पचन जलद. या बाबतीत ज्वारीच्या कण्या भाकरीपेक्षा उजव्या: भरडलेला दाणा, ताकात शिजवलेला, हळूहळू फुटणारा. दुर्दैवानं कण्या आता बहुतेक घरांत आजारी माणसापुरत्याच उरल्या आहेत.

रक्तात पोचल्यावर

भाकरीचा तुकडा तोंडात धरून दोन मिनिटं चावत राहा, गोडसर लागेल. लाळेतलं अमायलेज तिथंच माळ तोडायला लागतं. पुढचं मोठं काम लहान आतड्यात होतं आणि शेवटी सुटे मणी रक्तात येतात.

निरोगी प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी ग्लुकोज असतं फक्त 4 ते 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एका जेवणात मात्र आपण 100 ग्रॅमच्या वर कर्बोदकं सहज घेतो. एवढा लोंढा चमचाभर जागेत मावत नाही, तो ताबडतोब दुसरीकडे वळवावा लागतो. ते काम स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन करतं. ग्लुकोजचा काही भाग तिथल्या तिथं ऊर्जेसाठी जळतो. एका ग्रॅममागे 4 किलोकॅलरी. मेंदू एकटाच दिवसाला सुमारे 120 ग्रॅम खातो. उरलेल्यातून यकृत 100 ग्रॅमच्या आसपास आणि स्नायू साधारण 400 ग्रॅम ग्लायकोजेन म्हणून साठवतात. ही कोठारं भरली की पुढचं ग्लुकोज चरबीच्या वाटेला लागतं.

स्नायूंचं कोठार रिकामं कधी होतं? ते वापरले की. औत हाकणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या माणसाच्या अंगात दुपारच्या चार भाकरी संध्याकाळपर्यंत खपत. ट्रॅक्टर आला, हार्वेस्टर आला, दुकानातली खुर्ची आली, ताटातल्या भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या. यात ज्वारीचा दोष नाही. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालण्याचा सल्ला इथूनच येतो: आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो.

कर्बोदकं अगदीच तोडली तर यकृत चरबीपासून कीटोन बनवून मेंदूला चालवतं, आणि थोडं ग्लुकोज स्नायूंतली प्रथिनं मोडून तयार करतं. शरीर भागवून नेतं. पण इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता असा प्रयोग करणं धोक्याचं आहे.

वेग आणि माप

एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याला मापायचा आकडा 1981 साली टोरांटोतल्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटानं मांडला: ग्लायसेमिक इंडेक्स. शुद्ध ग्लुकोज 100 धरायचं. 55 पर्यंत कमी, 56 ते 69 मध्यम, 70 च्या पुढं जास्त. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांत ज्वारीपुढं एक ठाम आकडा लिहिलेला असतो. त्यावर फार विसंबू नका. वाण, दळणाची जाडी, शिजवण्याची पद्धत आणि सोबतची आमटी, प्रत्येक गोष्टीनं तो आकडा हलतो. आणि वेग कमी असला तरी माप विसरता येत नाही.

माप असं घ्या. घरातल्या काट्यावर एका भाकरीचं पीठ एकदा मोजा. मध्यम भाकरीला साधारण 60 ते 70 ग्रॅम लागतं, रानात न्यायच्या जाड भाकरीला 100 च्या वर जातं. 65 ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे 44 ग्रॅम कर्बोदकं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात 2000 किलोकॅलरीच्या दिवसाला 250 ग्रॅम धान्य धरलेलं आहे, म्हणजे दिवसभराच्या मिळून चार मध्यम भाकरी आणि मग भात, पोळी, पोहे काहीच नाही. डाळी-कडधान्यं (किंवा त्या जागी अंडी-मांस) 85 ग्रॅम आणि भाज्या 400 ग्रॅम. आपल्या ताटात नेमकं इथं गाडं अडतं. भाकरी-ठेचा किंवा भाकरी आणि पातळ येसराची आमटी हे जेवण चवीला तोड नाही, पण त्यात भाकरीशिवाय फारसं काही नसतं. लातूरसारखी डाळीची बाजारपेठ उशाला असताना वरण मात्र वाटीच्या तळाशी.

मधुमेह असेल आणि घरी ग्लुकोमीटर असेल, तर तक्त्यांपेक्षा स्वतःचं रक्त जास्त खरं बोलतं. एका दिवशी 75 ग्रॅम तांदळाचा भात, दुसऱ्या दिवशी 85 ग्रॅम पिठाची भाकरी घ्या. दोन्हींत कर्बोदकं सारखीच, 58 ग्रॅमच्या आसपास. सोबतची भाजी आणि डाळ, जेवणाची वेळ, गोळ्या, सगळं सारखं ठेवा. जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. जेवणानंतरचा आकडा 180 च्या आत राहावा असं बहुतेक मधुमेहींचं लक्ष्य असतं. तुमचं वेगळं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं धरा. मग आणखी एकदा तीच भाकरी, पण आधी काकडी, मेथीची भाजी आणि वरण संपवून. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं, आणि तो फरक आकड्यात दिसतो.

उपवासाचं ताट

आषाढी एकादशीला किंवा नवरात्रात शुगर का चढते, हे विचारणाऱ्यांनी साबुदाण्याकडं बघावं. हा दाणा कुठल्या झाडाला लागत नाही. कसावा नावाच्या कंदातून, तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात, स्टार्च धुऊन काढतात, त्याच्या गोळ्या करतात आणि उष्णता देऊन वाळवतात. 100 ग्रॅममध्ये सुमारे 87 ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं नावाला, तंतू जवळजवळ शून्य. कोंडा नाही, प्रथिनाचं जाळं नाही, विकरांना अडवणारं काहीच नाही. खिचडीत शेंगदाण्याचा कूट भरपूर घातला तर वेग जरा कमी होतो. बटाटा घातला तर स्टार्चमध्ये स्टार्च. वर साखर घातलेलं दही. उपवासच करायचा तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, ताक, काकडी, पेरू हे साबुदाण्यापेक्षा बरे. भगरीतही माप पाळायचंच. इन्सुलिन किंवा साखर वेगानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळ उपवास किंवा नवरात्रात तुळजापूरची पायी वारी ठरवण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. खाणं कमी, चालणं जास्त आणि डोस तोच, या तिन्हींची गाठ पडली की माणूस रस्त्यात कोसळतो.

चोथ्याचं काम

तंतू पचत नाहीत म्हणून निरुपयोगी, हा समज जुना झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान 25 ग्रॅम घ्यायला सांगते. पेरू, जवस, ओट्स यांतले विरघळणारे तंतू आतड्यात बुळबुळीत थर करतात आणि ग्लुकोज रक्तात जाण्याचा वेग कमी करतात. कोंड्यातले न विरघळणारे तंतू मळाला आकार आणि गती देतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू यातला काही भाग आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि त्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावरच पोसतात.

अख्ख्या हरभऱ्यात 100 ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम तंतू आहेत. मग गॅसेसची तक्रार येते. ती खरी असते. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅचिओज नावाच्या छोट्या माळा असतात, त्या फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही; मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, मोड आणा, ताज्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. दुसरी चूक घाईची: आठवड्यात एकदा उसळ खाणारा माणूस एकदम रोज दोन वाट्या खाऊ लागतो. अर्धी वाटी, मग पाऊण, असं दोन-तीन आठवड्यांत वाढवा आणि पाणी वाढवा.

गोड

गुळाबद्दल थोडक्यात: त्यात सुमारे 85 टक्के साखरच आहे. थोडं लोह, थोडी खनिजं असतात, पण मधुमेह्याला 'गुळाचा चहा चालतो' हे चुकीचं आहे. मधाचंही तेच.

रसवंतीवरच्या 250 मिलीच्या ग्लासात, बर्फ कमी असेल तर, 30 ग्रॅमच्या पुढं साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला वरून घातलेली साखर, मध आणि रसांतली साखर मिळून ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा आहे, जमलं तर 5 टक्के; 2000 किलोकॅलरीला 50 आणि 25 ग्रॅम. पाव्हण्यांच्या घरी चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे 40 ग्रॅम तिथंच संपले. जालन्याची मोसंबी सोलून खाल्ली तर साखरेसोबत फोडींचा चोथा येतो आणि दोन फळांत मन भरतं. रसाला चार लागतात आणि तो अर्ध्या मिनिटात संपतो. जास्तीचं फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जातं आणि तिथं चरबी साठण्याला हातभार लावतं. 'शुगर फ्री' बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी वाचा: पहिला घटक वजनानं सगळ्यात जास्त असतो, आणि तो बहुधा मैदा निघतो. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ते तुकडे केलेलं स्टार्चच, साखरेइतकंच वेगवान.

साखर औषध ठरते अशा दोन वेळा मात्र आहेत.

पहिली जुलाब-उलट्यांची. लहान आतड्यातलं एक वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम यांना सोबतच आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. 1971 च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. मेडिकलमधली ओआरएसची (जलसंजीवनीची) पुडी सगळ्यात चांगली. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 'अशक्तपणा आलाय' म्हणून साखर वाढवू नका. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंकनं हेच होतं.

दुसरी वेळ मधुमेह्याची साखर 70 च्या खाली उतरण्याची: घाम, थरथर, धडधड, विनाकारण चिडचिड, बोलण्यात गोंधळ. शुद्ध असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून द्या, म्हणजे साधारण 15 ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा; अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच परत. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साखर पुरेशी नाही, कारण ती गोळी जोडसाखर फोडणारं विकरच रोखून धरते; अशा घरात ग्लुकोजचा डबा हाताशी हवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना गाठा. आकडा वर आला आणि पुढच्या जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल, तर अर्धी भाकरी आणि वाटीभर दही खाऊ घाला, नाहीतर साखर पुन्हा उतरते.